आत्याच्या बाटलीतला सोरो आणि डोंगरावरची धायटी

माझी आत्या एकादश्या करणारी, सोऱ्याचं, म्हणजे दारूचं, नाव काढलं तरी नाक मुरडणारी. शेजारच्या भाटीचा, म्हणजे काजूची दारू गाळायच्या भट्टीचा, वास घरात येतो म्हणून मार्च लागला की त्या बाजूची खिडकी बंद करते ती पाऊस पडेपर्यंत उघडत नाही. आणि हीच बाई गेली कित्येक वर्षं जेवण झालं की दशमूलारिष्ट हे आयुर्वेदिक औषध चार चमचे, तेवढंच पाणी, घटाघट. परवा तिचा चष्मा नवीन झाला, बाटलीवरचं बारीक अक्षर पहिल्यांदा धड वाचता आलं आणि लगेच मला फोन.

"यात अल्कोहोल लिहिलंय रे! म्हणजे हा सोरोच मरे?"

मी म्हटलं आत्ये, नीट वाच, 'स्वयंजनित' लिहिलेलं असेल. म्हणजे कुणी वरनं ओतलेलं नाही, आतल्या आत तयार झालंय.

"आतल्या आत? कोण करतं ते आत बसून?"

आता हा प्रश्न खरं तर फार चांगला आहे. आसव-अरिष्टं घरोघरी असतात, कुमारी आसव, द्राक्षासव, अशोकारिष्ट, कुटजारिष्ट, पण आत कोण बसलंय हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर द्यायला मला आत्याला डोंगरावर न्यावं लागलं, निदान फोनवर तरी.

आमच्या गोव्यात साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना जानेवारी ते एप्रिलच्या मधे रस्त्याच्या कडेला, दरडीवर, उन्हाने करपलेल्या उतारावर लालभडक झुडपं दिसतात. माणसाच्या उंचीची, कधी थोडी जास्त. फांद्या लांबलचक आणि कमानीसारख्या खाली वाकलेल्या, पानं बरीचशी गळलेली, आणि अख्ख्या फांदीभर फुलं चिकटल्यासारखी. लांबून बघितलं तर वाटतं उताराला कुणीतरी काडी लावलीय. ही धायटी. संस्कृतात धातकी, आणि जुन्या निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांत, तिला ताम्रपुष्पी, बहुपुष्पी, वह्निज्वाला अशी नावं दिलीयत, ज्याने कुणी दिली त्याने झाड नक्की फेब्रुवारीत बघितलेलं असणार. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. लिनियसने १७५९ मध्ये तिला दुसऱ्याच वंशात घातलं होतं, आताचं नाव पक्कं झालं १८७१ मध्ये. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, धावडा वेगळा. नाव सारखं वाटतं म्हणून लोक गोंधळ करतात, पण धावडा हा चांगला मोठा वृक्ष आहे, त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. हिचं गणगोत म्हणजे मेंदी, तामण आणि डाळिंब.

डाळिंबाशी नातं आहे हे फूल हातात घेतलं की पटतं. डाळिंबाच्या फुलाला कसा तो जाडसर लाल पेला असतो, पाकळ्या गळून गेल्या तरी फळाच्या टोकाला मुकुटासारखा राहतो, तसाच प्रकार इथे, फक्त बारीक. आपण ज्याला धायटीचं लाल फूल म्हणतो ती पाकळी नाहीच, ती नळी म्हणजे पुष्पकोश, पाकळ्यांबाहेरचं आवरण, सेंटिमीटर दीड सेंटिमीटरची, जरा वाकडी. पाकळ्या आहेत सहा, पण इतक्या किरकोळ की मुद्दाम शोधाव्या लागतात. नळीच्या तोंडातून बारा पुंकेसर बाहेर डोकावतात. आणि पान उलटं करून उजेडात धरलंत तर खालच्या करड्या बाजूवर काळे काळे ठिपके दिसतात, ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

आता हे लाल रंगाचं, नळीचं, वास नसलेलं फूल कशासाठी? पक्ष्यांसाठी. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही आणि पक्ष्याला वासाची फारशी पडलेली नसते, त्यामुळे झाडाने जाहिरातीचा सगळा खर्च रंगावर केलाय. शिंजीर येतात, फांदीला लटकून चोच नळीत घालतात, कपाळाला पराग लावून घेतात आणि पुढच्या झुडपाकडे. मधमाश्याही येतात म्हणा, फुकटचं कोण सोडतो. आणि फुलायचं तेही पानं झडलेली असताना, म्हणजे लांबून दिसायला मधे काही अडचण नको.

कुणी म्हणेल गोव्यात कसला आलाय कोरडा डोंगर, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पडतो ना, पण तो चार महिन्यात पडून जातो, आणि जांभ्या दगडाच्या उतारावर माती असते वीतभर, सगळं पाणी खाली शेतात नि नदीत. डिसेंबरनंतर त्या उतारावर हात लावून बघा, तव्यासारखा. तिथे टिकायचं तर खोड जळलं, तोडलं, गुरांनी मोडलं तरी खालून परत फुटता आलं पाहिजे, आणि धायटी त्यात पटाईत आहे. म्हणूनच जंगल साफ झालेल्या उतारांवर ती हटकून दिसते.

असो. मुद्दा होता आत्याच्या बाटलीत कोण बसलंय.

बसलंय यीस्ट. एका पेशीचा जीव, डोळ्यांना दिसत नाही, पावात तोच, बियरमध्ये तोच, आणि शेजारच्या भाटीवरही त्याचेच भाईबंद. त्याचं काम एकच, साखर खायची. हवा भरपूर असेल तर खाऊन संख्या वाढवतो, हवा मिळाली नाही तर तीच साखर अर्धवट पचवतो आणि दोन गोष्टी बाहेर टाकतो, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. हिशेब अगदी चोख आहे, १८० ग्रॅम ग्लुकोज घातला तर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू, म्हणजे जवळजवळ निम्मी साखर हवेत उडून जाते. किलोभर साखरेतून निघणारा वायू मोजला तर अडीचशे लिटरच्या वर जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती सांगायचीय.

आता गोव्यातल्या माणसाला आंबणं शिकवायची गरज नाही. काजूचे बोंडू तुडवले, निरो म्हणजे त्यांचा रस काढला, मडक्यात ठेवला की दोन-तीन दिवसात फसफसायला लागतो, कुणी त्यात यीस्टची पुडी टाकत नाही. मग भाटीवर चढवून आधी हुर्राक ही सौम्य दारू आणि परत ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफ करून ती थंड करून, फेणी, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. निरोमध्ये यीस्ट येतं कुठनं? बोंडूच्या सालीवरनंच, मडक्यावरनं, हवेतनं. गोड रस आहे, कच्चा आहे, जिवंत आहे, त्यामुळे बोलवायची गरजच नाही.

पण अरिष्टाचं तसं नाही, आणि मला वाटतं हीच या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. आसव म्हणजे औषधी थंड पाण्यात किंवा रसात घालून आंबवलेलं, आणि अरिष्ट म्हणजे आधी काढा उकळून मग आंबवलेलं. दशमुळं, म्हणजे दहा औषधी मुळं, तासन् तास उकळून काढा आटवला की त्यात जिवंत असं काही उरतच नाही. गूळ तर कढईतनं उकळूनच आलेला असतो. म्हणजे तुमच्याकडे जेवण तयार आहे, पंगत मांडलीय, पण जेवायला कुणी नाही. तिथे यीस्टला हाताला धरून आणावं लागतं, आणि बहुतेक आसव-अरिष्टांच्या यादीत शेवटी शेवटी जे 'धातकीपुष्प' येतं ते यासाठी.

फूल का? कारण फुलात मध असतो, मधात साखर असते आणि जिथे साखर तिथे यीस्ट वस्ती करून राहतंच. पक्ष्याच्या चोचीबरोबर, माशीच्या पायाबरोबर ते एका फुलातून दुसऱ्यात जातं. धायटीची नळी जाडसर असल्यामुळे वाळली तरी गळून चुरा होत नाही, फळ धरलं तरी त्याच्याभोवती तशीच राहते, त्यामुळे वाळवलेल्या फुलात तो मधाचा कोपरा आणि त्यातले रहिवासी बऱ्यापैकी शाबूत राहतात. कोरडं पडलं की यीस्ट मरतंच असं नाही, झोपून जातं, आपल्या बेकरीच्या पुडीतलं कसं झोपलेलं असतं तसं. कोमट गोड पाणी मिळालं की उठतं.

इथे एक गैरसमज आहे तो काढून टाकूया. लोक म्हणतात धायटीच्या फुलांची दारू होते. नाही होत. दारू होते गुळाची नि मधाची, फूल फक्त कामगार घेऊन येतं. पण गंमत म्हणजे ते नुसतं टेम्पोसारखं माणसं उतरवून रिकामं उभं राहत नाही. गुळात जी साखर असते ती मुख्यतः सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडून झालेली जोडसाखर, आणि ती यीस्टला आधी तोडावी लागते. तोडायचं हत्यार म्हणजे इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम. यीस्टकडे स्वतःचं असतं, पण धायटीच्या फुलांतही ते काम होतं असं अभ्यासात आढळलंय, आणि फुलं घातलेल्या मिश्रणात अल्कोहोल न घातलेल्यापेक्षा जास्त तयार झालेलं दिसलंय. म्हणजे कामगारही आणले आणि वरनं थोडी लाकडंही फोडून दिली.

तिसरी गोष्ट टॅनिन. धायटीच्या फुलात टॅनिन भरपूर, म्हणून तर चव तुरट, म्हणून तर ती कातडं कमवायला आणि कापडाला लाल रंग द्यायलाही वापरत आलेत. टॅनिनमुळे बऱ्याच बॅक्टेरियांची पंचाईत होते आणि यीस्टला मात्र त्याचा तेवढा त्रास होत नाही. म्हणजे नको त्या पाहुण्यांना दारात अडवायची सोयही तीच करते. याच टॅनिनांतल्या काहींना वुडफोर्डिन असं नावच पडलंय, झाडाच्या वंशावरनं.

हे सगळं वाचून झाल्यावर माणूस गप्प बसतो का? नाही. मी म्हापशाच्या बाजारातनं शंभर ग्रॅम वाळकी धायटी आणली. विटकरी रंगाची, हातात घेतली की सुक्या जवळ्यासारखी किरकिरीत वाटते, मधेच काड्या, मधेच बोंडं, त्यातनं मोहरीहून कितीतरी बारीक बी सांडतं. दोन बरण्या घेतल्या, दोन्हीत उकळून गार केलेलं गुळाचं पाणी, एकीत मूठभर फुलं, दुसरीत नाही. तिसऱ्या दिवशी फुलांच्या बरणीत काठाला बारीक बुडबुडे, चौथ्या दिवशी सगळी फुलं वर तरंगून फेसाची टोपी, आणि कान लावला तर चुरचुर आवाज, पावसाळ्यात पत्र्यावर हलकी सर येते ना तसा. दुसरी बरणी गप्प. तीही पुढे सुरू झाली, पण आठवड्याने, आणि वर पांढरट साय धरून, वास असा की नको. कुठनं तरी कुणीतरी आलंच होतं, पण बोलावलेलं नव्हतं.

आणि पाचव्या दिवशी मी शहाण्यासारखं फुलांच्या बरणीचं झाकण गच्च पिळून बंद केलं, मुंग्या येतात म्हणून. तो अडीचशे लिटरचा आकडा आठवतोय ना? मला तेव्हा आठवला नाही. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात गोळी झाडल्यासारखा आवाज, झाकण छताला, गुळाचं पाणी मसाल्याच्या डब्यांवर, आणि बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. नशीब बरणी फुटली नाही. तेव्हा घरी कुणी करून बघणार असाल तर झाकण सैल ठेवा, आणि हो, बघायला करा, प्यायला नको. औषध बनवणं वेगळं, त्यात काय शिरलंय हे तपासायची सोय आपल्याकडे नसते.

जुन्या वैद्यांना हे सगळं सूक्ष्मदर्शकाशिवाय कसं जमत होतं याचं मला खरंच नवल वाटतं. भांड्याला आतनं तूप चोपडायचं, धूप द्यायचा, म्हणजे भांडं झिरपत नाही आणि आधीचे भाडेकरू हाकलले जातात. मग ते धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरायचं, म्हणजे दिवसरात्र उष्णता एकसारखी राहते, यीस्टला तीच लागते. शार्ङ्गधर संहिता या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात तर सरसकट नियमच देऊन ठेवलाय की जिथे प्रमाण सांगितलं नसेल तिथे गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दहाव्या हिश्शाने चूर्णं. आणि तयार झालं की नाही कळायला कान लावायचा, आवाज थांबला, वर तरंगणारी चूर्णं खाली बसली की झालं. पेटती काडी भांड्याच्या तोंडाशी धरायची, विझली तर आत अजून वायू निघतोय, जळत राहिली तर काम संपलं. ही काडीची परीक्षा आजही करतात. काडी विझते तेव्हा बघायला मजा येते, मी माझ्या बरणीवर सात-आठ काड्या वाया घालवल्या.

बरं, एवढा खटाटोप कशाला, काढाच प्यायचा ना. तर काढा दुसऱ्या दिवशी आंबूस होतो, हे एक. दुसरं म्हणजे पाण्यात जे विरघळतं तेवढंच काढ्यात उतरतं. वनस्पतीतल्या बऱ्याच गोष्टी पाण्यात नीट उतरत नाहीत, पण पाण्यात थोडं थोडं अल्कोहोल तयार होत गेलं की हळूहळू सुटतात. वैद्य आधी काढ्यात पाण्याचा वाटा काढून घेतात आणि मग महिनाभर अल्कोहोलला त्याचा वाटा काढू देतात. आणि तेच अल्कोहोल नंतर बाटली टिकवतं. एवढंच की हवा लागत राहिली तर अल्कोहोल खाणारे बॅक्टेरिया येतात आणि आंबट करून टाकतात, त्या बिघडलेल्याला शुक्त म्हणतात. आपल्याकडे माडाच्या सुरेचं विनाग्र, म्हणजे व्हिनेगर, होतं तीच गोष्ट, फक्त तिथे आपल्याला ते हवं असतं.

आत्याला यातलं किती कळलं देव जाणे, तिचा प्रश्न होता, "पण सोरो तो सोरोच ना?"

म्हटलं हिशेब करूया. लिटरभर काढ्यात दोनशे ग्रॅम साखर असेल आणि ती सगळीच्या सगळी आंबली तरी अल्कोहोल तेरा टक्क्यांच्या आसपास होणार, त्याच्यावर जायला साखरच नाही. प्रत्यक्षात बाटलीत त्याहून कमीच असतं, कारण थोडी साखर उरते, म्हणून तर अरिष्ट गोड लागतं. समज आठ टक्के आहे. तुझे चार चमचे म्हणजे वीस मिली, त्यात अल्कोहोल दीड मिलीच्या जरा वर. फेणी असते ४२ टक्क्यांच्या आसपास, तीस मिलीचा एक पेग घेतला तर साडेबारा मिली. म्हणजे शेजारच्या काकांच्या एका पेगाला गाठायला तुला आठ वेळा जेवावं लागेल. फरक आणखी एक, काका ऊर्ध्वपातन करतात, पाणी मागे ठेवून अल्कोहोल वेचून घेतात. अरिष्ट कधीच भाटीवर चढत नाही, आंबलं की गाळलं, निवळलं, भरलं.

पण म्हणून अल्कोहोल नाही असंही मी म्हणणार नाही. ज्याने दारू सोडलीय आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, ज्यांचं लिव्हर बिघडलंय, गरोदर बाई, लहान मूल, यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि मधुमेहवाल्यांनी तर त्या उरलेल्या साखरेसाठीही विचारावं. आयुर्वेदिक आहे म्हणजे कितीही चालतं हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. चार चमच्यांचं औषध अर्धी बाटली झालं की ते औषध राहत नाही.

फुलं येतात जंगलातनं. शेतात लावलेली धायटी मी तरी बघितलेली नाही, उतारावर जाऊन फांदी हाताने ओरबाडून पोत्यात भरायची असा प्रकार. एक किलो वाळकं फूल म्हणजे किती हजार नळ्या याचा अंदाज करा. जी फांदी ओरबाडली तिच्यावर त्या वर्षी बी नाही आणि ऐन उन्हाळ्यात शिंजिराला मध नाही, म्हणून काही फांद्या सोडून तोडणारे असतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. वणव्याचं तर बोलायलाच नको. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला आगी लागल्या तेव्हा आमच्या अंगणात राख येऊन पडत होती. धायटी मुळातनं परत फुटते हे खरं, पण दर वर्षी भाजलं तर कुणीही थकेल.

तर रविवारी आत्याला गाडीत घातलं आणि केरीच्या पुढे नेलं, म्हटलं बघ तरी तुझ्या बाटलीतला कामगार कुठे राहतो. दरडीजवळ गाडी थांबवली, ऊन मी म्हणत होतं, झुडूप नुसतं पेटलेलं आणि दोन शिंजीर भांडत होते. मी पान उलटं करून काळे ठिपके दाखवायला गेलो तर आत्याचं लक्षच नाही. तिने एक नळी देठातनं अलगद उपटली, मागचं टोक दातात धरलं आणि चोखलं.

"अरे हे होय! शाळेत जाताना आम्ही पोरी हेच चोखत जायचो. ह्याला धायटी म्हणतात?"

आणि दुसरी नळी उपटली.